झेड ५० साठी छोटी प्राइम: नवी घ्यावी की घरातली जुनीच अडॅप्टर लावून वापरावी?

सह्यवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज प्रश्न घेऊन आलोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे आधी निकॉनचा डी ९० कॅमेरा होता आणि त्यावर ५० एमएम १.८ डी ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. दहा-बारा वर्षं त्या जोडीवरच सगळं काढलं, बहिणीचं लग्न, मुलीचं बारसं, राजगड-तोरणा, सगळं. मागच्या दिवाळीत निकॉनचाच बिनआरशाचा झेड ५० घेतला, सोबत १६-५० किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम. कारण एकच, वजन. डी ९० बॅटरीसकट सातशे ग्रॅम, हा साडेचारशे, आणि किट लेन्स १३५ ग्रॅमची, मिटली की चपटी होते, पाठीच्या सॅकमधून काढायचीही गरज नाही, छातीवरच्या छोट्या बॅगेत मावते. दिवसाउजेडी मला तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही.

घोडं अडतं ते संध्याकाळी. यंदा वारीत पुण्याहून सासवडपर्यंत चाललो, दिवेघाटात फोटो झकास आले, पण सासवडला पोचेपर्यंत अंधारायला लागलं, राहुट्यांमध्ये पिवळे बल्ब, माऊली पाय चेपत बसलेले, असे चेहरे की काय सांगू, आणि किट लेन्सने सगळं आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर जाऊन चिखल. शटरचा वेग कमी केला तर माणसं हलली. व्हीआर, म्हणजे थरथर सावरणारी सोय, आहे तिच्यात, पण व्हीआर माझा हात धरणार, समोरच्या माणसाची मान थोडीच धरणार.

आता प्रश्न. घरात ५० १.८ डी पडून आहे, काच स्वच्छ आहे. दुकानात विचारलं तर म्हणाले जुनी लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर घ्या, सगळं पहिल्यासारखं चालेल. नशिबाने आधी मित्राकडचा एफटीझेड लावून बघितला, तर ऑटोफोकस शून्य, लेन्स ढिम्म हलत नाही. मग अडॅप्टरवर पैसे घालून हीच हाताने फोकस करत वापरावी, की सरळ झेड माउंटची, म्हणजे थेट या कॅमेऱ्यावर बसणारी, नवी छोटी प्राइम घ्यावी? नवीत २४ १.७, २६ २.८, २८ २.८ आणि ४० २ एवढ्या डोक्यात आहेत (पहिला आकडा एमएम, दुसरा अपर्चर, म्हणजे लेन्सच्या भोकाचा, तो जितका लहान तितका उजेड जास्त). बाहेरच्या कंपन्यांचं मला काही कळत नाही. अट एकच, लेन्स बॅगेत राहिली पाहिजे, घरी कपाटात नाही.

रीळवाला

सह्यवाट, तुम्ही आधी लावून बघितलंत हे फार बरं केलंत. ऑटोफोकस का चालत नाही ते सांगतो. डी मालिकेच्या लेन्समध्ये मोटर नसते. डी ९० च्या बॉडीत मोटर होती आणि माउंटच्या कडेला एक बारीक स्क्रू-ड्रायव्हरसारखं टोक बाहेर आलेलं असायचं, आठवतंय? ते लेन्सच्या खाचेत बसून लेन्स फिरवायचं. तो कर्रर आवाज त्याचाच. एफटीझेडमध्ये ते टोक दिलेलंच नाही, एफटीझेड दोनमध्येही नाही. त्यामुळे ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे एएफ-एस आणि एएफ-पी, त्याच ऑटोफोकस करणार. बाकी तुमच्या ५० डी चं मीटरिंग (उजेड मोजणं), अपर्चर सगळं नीट चालेल, फक्त लेन्सवरची रिंग २२ वर लॉक करून ठेवायची.

आता वजनाचा मुद्दा, कारण तुमची अट तीच आहे. जुन्या एफ माउंटमध्ये माउंट ते सेन्सर अंतर ४६.५ मिलिमीटर, कारण मध्ये आरसा होता. झेडमध्ये ते १६ आहे. मधले साडेतीस मिलिमीटर कुणीतरी भरून काढायला हवेत, तो म्हणजे अडॅप्टर. पहिला एफटीझेड १३५ ग्रॅमचा, दुसरा १२५ चा. तुमची लेन्स १५५ ग्रॅमची, लांबी ३९ मिलिमीटर. दोन्ही मिळून २९० ग्रॅम आणि जवळपास सात सेंटिमीटर. नाकापेक्षा मोती जड. झेडची ४० एफ २ घेतलीत तर १७० ग्रॅम, लांबी साडेपंचेचाळीस मिलिमीटर, आणि ऑटोफोकससकट.

हे सगळं लिहून मी तुम्हाला जुन्या लेन्सपासून तोडतोय असं समजू नका. माझ्या वडिलांचा साताऱ्यात स्टुडिओ होता, त्यांच्या एफएम २ या रिळाच्या कॅमेऱ्यावरची ५० १.८ एआय-एस मी आजही झेड बॉडीवर वापरतो. तिच्यात एकही विजेचा संपर्क नाही. अपर्चरची रिंग फिरवली की प्रत्येक आकड्यावर टक् असा आवाज आणि बोटाला तो खटका कळतो, फोकसची रिंग तुपासारखी फिरते, चाळीस वर्षांनंतरही. वडील लग्नात फोटो काढताना रिंगकडे बघायचे नाहीत, ५.६ पासून दोन टक् म्हणजे २.८, तेवढं बोटांना पाठ होतं. फोटोच्या माहितीत अपर्चर नोंदवलं जात नाही, तेवढं सोडून द्यायचं.

ओवी१९

सह्यवाटदादा, माझ्याकडे झेड एफसी आहे, सेन्सर तुमच्यासारखाच, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही तेही तुमच्यासारखंच. २८ २.८ कॅमेऱ्यासोबतच आली आणि ४० एफ २ मी नंतर घेतली, त्यामुळे दोन्हीचं सांगू शकते.

४० ने माणसं सुंदर येतात, खरंच सुंदर. मागचं हलकं विरघळतं, त्वचा छान दिसते. पण आपल्या क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरवर ती ६० सारखी होते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, आणि आमच्या घरात ती मला सतत मागे ढकलते. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती, मला तिचे हात, पोळपाट आणि खिडकीतून येणारा उजेड असं एकत्र हवं होतं, तर मी मागे सरत सरत फ्रिजला टेकले तरी फ्रेममध्ये बसेना. २८ लावली आणि दोन पावलं पुढे येऊन मिळाला फोटो. शिवाय २८ एकोणीस सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, ४० ला एकोणतीस लागतात. ताटातलं, फुलातलं काढायचं असेल तर हा फरक खूप जाणवतो.

तुमच्या वारीच्या फोटोंसाठी मात्र २८ चं २.८ मला कमी वाटतं. राहुटीतल्या बल्बला २.८ पुरणार नाही असं माझं मत. मी तुमच्या जागी असते तर २४ १.७ बघितली असती. ती २०२३ मध्ये आली, तेव्हा माझं २८ झालेलं होतं, नाहीतर मी तीच घेतली असती.

पाणंद

२४ ला माझं पण अनुमोदन. १३५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या किट लेन्सएवढंच वजन. पुढे काही बोलायलाच नको.

देवगडहून

सगळे वजन आणि उजेडाबद्दल बोलतायत, मी बुरशीबद्दल लिहितो कारण कोकणात राहून मला तीच दिसते.

जुनी लेन्स कुणीही देत असेल, काकांची असो की मुंबईच्या फोर्टातल्या दुकानातली असो की पुण्याच्या जुन्या बाजारातली, एक गोष्ट करा. अपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून बघा. समोरून सरळ धरला तर काही दिसत नाही, तिरका धरला की दिसतं. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे काचेच्या कडेपासून आत येताना दिसतात, जणू कुणी सुईने ओरखडे काढलेत. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिला घाबरायचं कारण नाही. पुसट दुधाळ पडदा दिसला तर तो धुरकटपणा, त्याने उजेडासमोर फोटो फिका पडतो.

मी एकदा ही तपासणी न करता लेन्स घेतली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चकाचक दिसत होती. घरी आणल्यावर संध्याकाळी टॉर्च मारला तर मधल्या काचेवर जाळं. साफ करून घेतली, बुरशी गेली पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं ते गेलंच, उन्हाकडे तोंड करून फोटो काढला की आजही पांढुरका दिसतो.

आणि घरात असलेलीसुद्धा जपा. पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत किंवा चामड्याच्या जुन्या केसमध्ये कधीच ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि एक छोटं आर्द्रता मोजायचं मीटर, त्यावर ४० ते ५० दिसलं पाहिजे. खूप कोरडं केलं तर ग्रीस सुकतं म्हणतात, पण आमच्याकडे तो प्रश्न येत नाही. निळी सिलिका गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करतो. हे माझं मागची सात वर्षं चाललंय आणि एकही लेन्स गेली नाही.

वारीत पाऊस असतोच म्हणून अजून एक. ओवी, तुमच्या ४० च्या माउंटभोवती बघा, रबराची रिंग नाहीये. निदान माझ्या ४० ला तरी नाही. माउंटही प्लास्टिकचं. चार थेंबांनी काही होत नाही, पण दिवेघाटातल्या सरीत मी ती उघडी धरणार नाही.

स्टुटगार्टकर

इकडच्या रविवारच्या जुन्या बाजारात प्राक्टिकाच्या कॅमेऱ्यांसोबत ५० १.८ पेंटाकॉन अगदी किरकोळ भावात मिळते, रशियन हेलिओस ४४-२ पण दिसते, तिची किंमत मात्र इंटरनेटमुळे चढलीये. या सगळ्या एम ४२ माउंटच्या, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या.

भारतात कुणाकडे जुन्या झेनिट कॅमेऱ्याची हेलिओस पडलेली असेल आणि 'माझ्या निकॉनवर ती लांबचं फोकस करत नव्हती' असा अनुभव असेल तर त्याचं कारण आरशाच्या निकॉनमध्ये होतं. एम ४२ चं माउंट ते सेन्सर (किंवा रीळ) अंतर ४५.४६ मिलिमीटर, निकॉन एफचं ४६.५, म्हणजे लेन्स हवी त्यापेक्षा एक मिलिमीटर लांब राहायची आणि अनंतावर फोकसच व्हायचं नाही. मग मध्ये भिंग असलेला अडॅप्टर घालावा लागायचा आणि ते भिंग चित्र बिघडवायचं. झेडवर हा त्रासच संपला, साधी रिकामी धातूची नळी पुरते. त्यामुळे ज्यांनी तेव्हा नाद सोडला त्यांनी आता परत बघायला हरकत नाही.

पण दोन गोष्टी मनापासून सांगतो. हेलिओसचं मागचं गोल गोल फिरणारं धूसर जे सगळ्यांना हवं असतं ते चित्राच्या कडेला जास्त असतं, आणि आपला छोटा सेन्सर नेमक्या त्या कडाच कापतो. झेड ५० वर तुम्हाला ते अर्धंमुर्धं दिसेल. दुसरं म्हणजे ही नळीसुद्धा तीस मिलिमीटरचीच.

खरोखर छोटं राहायचं असेल आणि जुनंही हवं असेल तर आरसा नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स बघा, रेंजफाइंडरच्या. लायका एमचं अंतर २७.८, त्यामुळे अडॅप्टर जेमतेम बारा मिलिमीटरचा, एखादी जाड अंगठी म्हणा. माझ्याकडे फोक्टलेंडरची ३५ २.५ कलर-स्कोपार आहे, १३४ ग्रॅम आणि लांबी २३ मिलिमीटर, अडॅप्टरसकटही कॅमेरा कोटाच्या खिशात जातो. ही जोडी मी रोज ऑफिसला नेतो. हिची अडचण एकच, ७० सेंटिमीटरच्या आत ती येत नाही, समोरच्या बाकावरचा माणूस जमतो, टेबलावरचा कप नाही. त्यासाठी ताणता येणारे अडॅप्टर मिळतात, ते बाहेर ओढले की लेन्स जवळ फोकस करते.

आणि कुणी टाकुमारची जुनी ५० १.४ घेत असाल आणि काच चहासारखी पिवळी दिसली तर घाबरून परत करू नका. त्यातल्या काहींमध्ये थोरियमची काच आहे, ती वर्षांनुवर्षं पिवळी होत जाते, बरेच दिवस उन्हात ठेवली की पुष्कळशी निवळते.

उगाच_भटकंती

बाहेरच्या कंपन्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

टीटीआर्टिसनची २७ २.८ झेडसाठी मिळते, ऑटोफोकस आहे, शंभर ग्रॅमच्या आतली, वर अपर्चरची रिंग. माझ्याकडे दीड वर्षं आहे. गंमत म्हणजे तिचं मागचं झाकणच फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचं यंत्र आहे, झाकणाला यूएसबी-सीचं भोक, झाकण लावायचं, केबल कॉम्प्युटरला जोडायची. तेवढं झाकण हरवू नका. फोटो मधोमध छान धारदार, कडेला २.८ वर थोडे मऊ. फोकस दिवसा ठीक, घरात संध्याकाळी पुढे-मागे शोधत बसते. व्हिल्ट्रॉक्सची ४० २.५ पण मित्राकडे बघितली, बांधणी चांगली वाटली, तिच्या माउंटवरच यूएसबी-सी आहे. आणि त्यांचीच २८ ४.५ म्हणजे तर निव्वळ चकती, साठेक ग्रॅम, पण अपर्चर ४.५ वर कायमचं, म्हणजे सह्यवाट यांच्या कामाची नाही.

अजून एक वाट आहे ती फारशी कुणाला माहीत नसते. सोनीचं माउंट ते सेन्सर अंतर १८ मिलिमीटर, झेडचं १६, मध्ये दोन मिलिमीटर उरतात आणि तेवढ्या जागेत ऑटोफोकसचा अडॅप्टर बसवलाय लोकांनी, टेकआर्ट आणि मेगाडॅप दोघांचेही आहेत. म्हणजे सोनीची २० २.८, ६९ ग्रॅमची पातळ लेन्स, झेडवर ऑटोफोकससकट चालते. मी मेगाडॅपचा वापरलाय, चालतो. पण निकॉनचं नवीन फर्मवेअर आलं की आधी लोक काय म्हणतायत ते बघून मगच अपडेट करायची सवय लागली. ज्याच्याकडे आधीच सोनीच्या लेन्स आहेत त्याने घ्यावा, मुद्दाम या वाटेला जाऊ नये.

निळी_छत्री

२६ २.८ कडे कुणी ढुंकूनही बघत नाहीये म्हणून राहवेना. १२५ ग्रॅम, साडेतेवीस मिलिमीटर. सह्यवाट यांच्या यादीतल्या बाकी सगळ्या लेन्स चाळीस किंवा त्याच्या पुढे आहेत. वजनात दहा ग्रॅमचा फरक दिसतो म्हणून लोक सोडून देतात, पण बॅगेत वजन नाही, जाडी नडते. माझ्या पर्समध्ये कॅमेरा आडवा सरकतो तो केवळ २६ मुळे. २४ लावली की वर बोंड येतं आणि चेन लागत नाही.

फोकस करताना पुढचा भाग थोडा बाहेर येतो आणि आवाजही येतो, ते खरं आहे. व्हिडिओ काढत असाल तर आवाज नोंदला जाईल. मी काढत नाही. आणि ती फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरची आहे, उद्या तसा झेड ५ घेतला तर तशीच चालेल. २४ ही फक्त छोट्या सेन्सरची, झेड ५ वर लावली तर २४ मेगापिक्सेलचे दहा होतात. हा विचार करूनच घ्या.

सह्यवाट

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

मधल्या आठवड्यात दोन कामं केली. एक म्हणजे मित्राचा एफटीझेड आणि माझी ५० डी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. २९२ ग्रॅम. रीळवाला यांचा हिशोब बरोबर. मग ती जोडी लावून कॅमेरा छातीवरच्या बॅगेत घालून बघितला तर झाकण लागलंच नाही, अडॅप्टरच्या खाली जो ट्रायपॉडचा पाय आहे तो आडवा येतो. दुसऱ्या एफटीझेडला तो पाय नाही म्हणतात, तरी लांबी तेवढीच.

दुसरं काम, मागच्या आठ महिन्यांतले मला आवडलेले दोनशे फोटो काढून प्रत्येकाची माहिती बघत बसलो, किट लेन्स किती एमएमवर होती ते. मला वाटायचं मी ५० चा माणूस आहे, इतकी वर्षं तेवढीच वापरली म्हणून. निघालं भलतंच. निम्म्याहून जास्त फोटो १८ ते २८ च्या मध्ये. ५० वर मोजके, आणि ते जवळपास सगळे घरातल्या माणसांचे, शांत बसलेल्या. ज्याला प्राइम निवडायचीये त्याने ही मोजणी नक्की करावी, दोन तास लागतात फक्त.

निळी_छत्री, तुमचं जाडीचं म्हणणं पटलं, २६ हातात घेऊन बघितली, मोह झाला. पण माझं दुखणं उजेडाचं आहे. २.८ पेक्षा १.७ म्हणजे अडीच पटीहून जास्त उजेड. फुल फ्रेमचा विचार निदान चार-पाच वर्षं नाही.

रीळवाला

मोजणीची कल्पना फार आवडली. मी सगळ्यांना हेच सांगत आलोय की पुढची लेन्स कोणती ते तुमचे जुने फोटो सांगतात.

एक विनंती, ५० डी विकू नका. तिला आता तसाही भाव येणार नाही. हाताने फोकस करायला मिररलेसवर जितकं सोपं आहे तितकं आरशाच्या कॅमेऱ्यात कधीच नव्हतं. फोकस पीकिंग लाल रंगावर ठेवा, जिथे धार आहे तिथे लाल रेघा उमटतात. पण १.८ वर त्या रेघांवर भरवसा ठेवू नका. दीड मीटरवर ५० ने १.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट असतो, पीकिंग पापणीवरही लाल दाखवतं आणि कानावरही. म्हणून पुढच्या एफएन बटणाला झूम नेमून द्या, दाबलं की डोळा स्क्रीनभर दिसतो, बुबुळातली खिडकी धारदार झाली की शटर. सवय व्हायला आठवडा लागेल.

ओवी१९

पण रीळवाला, हे बसलेल्या माणसाचं झालं. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, मी झूम दाबेपर्यंत तो दुसऱ्या खोलीत असतो. ४० वर डोळा ओळखणारा ऑटोफोकस आहे म्हणून त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. हाताने फोकस करण्यात आनंद आहे हे मान्य, पण सगळ्यांना तो सल्ला देऊ नये असं वाटतं.

रीळवाला

बरोबर आहे ओवी, पळत्या मुलाला हा उपाय नाही. वडील लग्नात लोकांना 'जरा इकडे बघा' म्हणून थांबवायचे, तीन वर्षांच्या मुलाला कोण थांबवणार. मागे घेतो. जो थांबतो त्याच्यासाठीच.

सह्यवाट

उशीर झाला लिहायला, गौरी-गणपतीला गावी होतो. २४ १.७ घेतली, नवीनच, कारण तिच्यात सेकंडहँड मनासारखी मिळाली नाही.

गौरी जेवणाच्या रात्री वीज गेली. माजघरात दोन समया आणि देवापुढचं निरांजन, बाकी काळोख. आजी गौरीसमोर बसून ओटी भरत होती, माझ्या चुलत बहिणी मागे दाटीने उभ्या. २४ ला १.७ वर ठेवून, शटर सेकंदाचा साठावा भाग, आयएसओ १६०० च्या आसपास राहिला. किट लेन्स त्याच ठिकाणी २४ वर अपर्चर चारच्या पुढेच राहते, म्हणजे पाच-सहा पट कमी उजेड, आठ-दहा हजारावर गेली असती. आजीच्या हातावरच्या बांगड्यांमध्ये समईची ज्योत एकेका काचेत वेगळी दिसतेय, हे फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं, काढताना दिसलं नव्हतं. ऑटोफोकसने एवढ्या उजेडात दोनदा चुकवलं, मागच्या बहिणीवर जाऊन बसला, बाकी सगळे बरोबर. १.७ वर कडांना जरा मऊपणा आहे, २.८ ला छान होतो, पण त्या रात्री मला कडा नकोच होत्या.

आणि ५० डी. मित्राने एफटीझेड महिनाभर ठेवून घ्यायला सांगितलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, ती एकदा बसली की तासभर हलत नाही. मी समोर पायरीवर बसून ५० लावली, २.८ वर, बटण दाबून डोळा मोठा केला, फिरवत फिरवत आणला. आठवडा लागेल म्हणालात, मला पहिल्या सकाळी वीसपैकी सहा जमले. ती मध्येच विचारते, 'अजून झालं नाही का रे तुझं,' आणि हसली, तोच फोटो सगळ्यात चांगला आलाय.

तर आता बॅगेत २४ कायम, आणि ५० घरी डब्यात, सिलिका जेलसकट, गावाला जाताना न्यायची. मित्राला एफटीझेड विकत मागितलाय, तो हो म्हणेल असं वाटतं.

देवगडहून, टॉर्च तिरका धरून ५० पण तपासली. धूळ आहे, धागे नाहीत.

देवगडहून

वा, वाचून बरं वाटलं. तरी दर पावसाळ्यानंतर एकदा बघत जा. आजींचे फोटो इथे टाका ना, त्यांची परवानगी घेऊन.

पाणंद

२४ ला फिल्टर कितीचा लागतो? माझ्याकडे ५२ चा पडलाय.

सह्यवाट

४६ चा. ५० डी ला मात्र ५२ चाच बसतो, तो तिकडे वापरा. ४६ ते ५२ ची रिंग मिळते, मी ती लावून बघितली, पण मग सोबत आलेलं हूड बसत नाही. मी हूडच ठेवलंय.

आजीला विचारलं. ती म्हणाली टाक, पण आधी मला प्रिंट दे. साताऱ्याला टाकलीये प्रिंटला, शनिवारी मिळेल, मग टाकतो.